आतल्या खोलीतली पंगत

वर्षअखेरच्या सुट्टीत सगळं गणगोत सुताराच्या घरी जमायचं, ते त्याच्या बायकोच्या जिवावर. बोलावणारी ती, रांधणारी ती, आणि कोणाला कोणाशेजारी बसवलं तर भांडण पेटणार नाही हेही ठाऊक तिलाच. सुताराने फक्त शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणायच्या आणि मध्ये लुडबुड करायची नाही.

यंदा तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण तिच्या अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. सुताराची थोरली बहीण फोनवर म्हणाली, "या वर्षी राहू दे रे. नाहीतर माझ्याकडे करू."

"आमच्याकडेच होणार," बायको पलंगावरून म्हणाली. "आणि ताई, फोन स्पीकरवर आहे बरं का."

झालं, सुतार कंबर कसून कामाला लागला. डॉक्टरांनी तिला विश्रांती सांगितली होती, आणि हा माणूस एकदा सांगितलेलं काम जरा जास्तच चोख करणारा. त्याने झाडून साऱ्या खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवले. बिजागऱ्यांना तेल घातलं. भिंतीवरच्या घड्याळाचीही टिकटिक नको म्हणून सेल काढून ठेवला. पाहुणे आले तसं दारातच एकेकाला ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

माणसं शहाण्यासारखी वागली. एरवी ज्याच्या हसण्याने शेजारी जागे व्हायचे, तो बायकोचा धाकटा भाऊसुद्धा बोटांच्या खुणांनी बटाटे मागत होता. ताई सुताराच्या कानाशी कुजबुजली, "बरी आहे ना रे ती? खरं सांग."

तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, जरा इकडे या."

सुतार लगबगीने आत गेला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"दुखतंय का?"

"बाहेर कोण गेलंय?"

"कुठे गेलंय? सगळे जेवतायत."

"मग सगळे असे कुजबुजत का बोलताय?" ती वळली, तेव्हा तिचे डोळे भरलेले दिसले. "हॉस्पिटलात हेच ऐकत पडायचे मी. दाराबाहेर तुम्ही आणि डॉक्टर, कुजबुज, कुजबुज. वाटायचं, वाईटच असणार काहीतरी. आज माझ्या घरातही तेच?"

चूक कुठे झाली ते सुताराला लख्ख कळलं. तो म्हणाला, "उचलून नेऊ तुला बाहेर?"

"खुर्चीत बसवतं कुठे मला अजून?"

तो तसाच बाहेर आला आणि पाना घेऊन टेबलाखाली शिरला.

"भाऊजी, हे काय आता?" मेहुण्याने खाली वाकून विचारलं.

"ताटल्या उचला सगळ्यांनी. पाय सोडवतोय. अख्खं टेबल दारातून जात नाही."

"अरे, जेवण गार होतंय!" ताई म्हणाली.

"होऊ दे."

मग एकच गोंधळ उडाला. कोणी हातात सुपाचं पातेलं घेऊन उभं, कोणी केक डोक्यावर धरून. मेहुण्याने आणि सुताराने टेबलाची फळी आडवी करून दारात घातली. "डावीकडे! अहो, तुमच्या डावीकडे, माझ्या नव्हे!" मेहुणा गळा फाडून ओरडला, आणि फळीचा कोपरा चौकटीजवळच्या भिंतीवर आपटून मूठभर गिलावा खाली आला.

"माझी भिंत!" बायको आतून कडाडली. आवाजात इतकी धार, की ताईने आधी दचकून पाहिलं आणि मग पदराने डोळे टिपले.

टेबल पलंगाला लागून उभं राहिलं. निम्मी मंडळी पलंगाच्या कडेवर, निम्मी कपाटाला पाठ लावून. उशांना टेकून बसलेल्या बायकोने पहिला चमचा तोंडात घातला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"सुपात मीठ कितीदा घातलंत?"

"एकदाच," सुतार म्हणाला.

"मीही घातलं थोडं," ताई खाली मान घालून म्हणाली.

"आणि मी," मेहुणा म्हणाला.

ती हसायला लागली आणि पोटाशी उशी धरून विव्हळली, "हसवू नका रे मेल्यांनो, टाके दुखतात!" पण हसणं काही थांबेना.

केक कापेपर्यंत तिचा डोळा लागला. ताई सगळ्यांना गप्प करायला निघाली, तसा सुतारानेच तिचा हात धरला. "बोल गं तू. मोठ्याने बोल."

गप्पा पुन्हा रंगल्या. मेहुणा कुठल्याशा प्रवासात हरवलेल्या बॅगेचं रामायण सांगत होता. सुताराने तेव्हा कुठे स्वतःची ताटली पुढे ओढली आणि तो बायकोच्या पायांशी जेवायला बसला. जेवता जेवता त्याने चादरीखाली हात घालून पाहिला. गेले कितीतरी दिवस गारठलेली तिची पावलं आता चांगली उबदार लागत होती. त्याने हात तिथेच ठेवला आणि उरलेलं जेवण डाव्या हाताने सावकाश संपवलं.