कुंडाचा नकाशा आणि सात साड्या

नकाशा हरवला हे सुकलालला कळलं ते उषाबाईच्या तेराव्याच्या, म्हणजे गंधमुक्तीच्या, दुसऱ्या दिवशी. बायको गेल्याचं त्याच्या दोन आठवडे आधी कळलं होतं, पण तेव्हा घरात एवढी माणसं होती की दुःख करायला कोपराच सापडला नाही. आता घरात फक्त मोठी बहीण मालतीबाई होती आणि ती कपाट पुसत होती.

“आक्का, इथल्या साड्या?”

“वाटून टाकल्या. अहेवपणी गेली माझी भावजय. गल्लीतल्या सात जणींनी ओटी पसरून घेतल्या.”

“घड्या उघडून बघितल्या होत्या?”

“साडी देताना घडी कोण मोडतं?”

सुकलालने रिकामा कप्पा हाताने चाचपून बघितला. उषाबाईची तिजोरी म्हणजे साडीची घडी. रेशनकार्ड, लाईटबिल, मुलांच्या पत्रिका, सगळं तिथेच. कुठल्या साडीत काय, हे तिलाच ठाऊक. चर्चच्या कुंडाचा नकाशाही तिनेच ठेवला होता.

पांडेसऱ्याच्या कामगारवस्तीत सुकलाल दगडाचं काम करायचा. जास्त करून स्वयंपाकघराचे ओटे. फादर गामीत यांच्या घरचा ओटा त्याने बसवला आणि तो पाच वर्षांत हलला नाही, तेवढ्या भरवशावर फादरांनी त्याला बाप्तिस्म्याचं कुंड करायला दिलं. आठ कोनांचं, मध्ये कंबर बारीक, खाली रुंद बैठक, वर दगडी झाकण.

“तुळशीचं आहे का? माती कुठून भरायची?” सुकलालने विचारलं होतं.

“माती नाही, सुकलालभाई. पाणी. बाळाच्या डोक्यावर घालायचं.”

जाडजूड कागदावर कुंड तीनदा काढलेलं होतं. वरून, समोरून आणि मधोमध कापलेलं. या तिसऱ्याने सुकलालची दोन दिवस झोप उडवली. एवढं घडवायचं आणि मग कापायचं? शेवटी उषाबाईने ताटात लिंबू उभं चिरून दाखवलं. “कापायचं नाहीये हो. कापलं असतं तर आत काय दिसलं असतं, ते काढलंय.”

ती सातवी शिकलेली. सुकलाल दुसरीतच कंटाळला होता. मिलिमीटर त्याच्या डोक्यात शिरत नव्हते, म्हणून तिने त्याच कागदावर सगळी मापं पेन्सिलीने वीत आणि बोटांत लिहून दिली. एका जागी लिहिलं होतं, ‘काठाची रुंदी चार बोटं. माझी. तुमची नाही.’ दगडकामाने सुकलालची बोटं भेंडीएवढी जाड झाली होती, म्हणून.

कुंडाची बैठक झाली, कंबर झाली. काठ आणि झाकण राहिलं, आणि उषाबाई गेली.

त्याने फादरांना फोन लावला. फादर म्हणाले, “एमां शुं? त्यात काय एवढं? मोबाईलमध्ये आहे माझ्या. पाठवतो.”

पाठवलाही. सुकलालने तो बोटाने मोठा करून करून बघितला. पेन्सिलीचं एक अक्षर नव्हतं.

“फादर, हा आमचा नकाशा नाही.”

“कुंड तर तेच आहे ना?”

“कुंड तेच आहे. नकाशा तो नाही.”

मग तो गल्लीत निघाला. पहिलं दार वृषालीचं, नव्यानेच लग्न होऊन आलेली.

“पोरी, ती साडी आण जरा. उघडून बघायचीय.”

आत टीव्ही बंद झाला. वृषालीची सासू बाहेर आली. “भाऊ, बाईला जाऊन पंधरा दिवस नाही झाले!”

“कागद! कागद शोधतोय मी!”

दुसऱ्या दारापासून तो दहा पावलं लांबूनच “कागद! कागद!” ओरडत गेला, तर लोकांना रद्दीवाला वाटला. एका साडीत जुनं लाईटबिल निघालं. एकीत मूतखड्याच्या औषधाची चिठ्ठी. पाचव्या घरची बाई साडी नेसूनच दारात आली, तसा सुकलाल न विचारताच परतला. नेसलेल्या साडीत कागद राहत नसतो, हे त्याला सहाव्या घरी सुचलं.

सातवी कलाबाई. ब्लाऊज शिवायची.

“कागद? अहो, झकास जाड होता! कालच त्यावर चाळीसचं ब्लाऊज बेतलं.”

तिने खिळ्यावरून तुकडे काढून दिले. सुकलालने ते जमिनीवर मांडले. कुंडाची कंबर एका बाहीत गेली होती. बैठक पाठीत. काठ पुढच्या भागात, आणि त्याच्याशेजारी उषाबाईचं अक्षर. माझी. तुमची नाही.

सुकलालने त्यावर हात ठेवला. मग बघितलं, तर मध्ये भोक.

“कलाबाई, इथे झाकण होतं. तिने लिहिलेल्या मापांसकट.”

“तिथे गळा आला, भाऊ.”

“कापलेलं कुठंय?”

“कचऱ्याची गाडी आत्ताच गेली.”

सुकलाल चपला न घालता नाक्यापर्यंत धावला. गाडी गेली होती, तिचं गाणं तेवढं लांबून ऐकू येत होतं.

परत आला तेव्हा कलाबाई तुकडे छातीशी धरून उभी होती. “हे न्याल तर माझं ब्लाऊज अडेल.” मग सुकलालने तासभर बसून वर्तमानपत्रावर तिला बाही, पाठ, पुढचा भाग काढून दिला. गळ्यासकट. जन्मात त्याने काढलेला हा पहिला नकाशा, आणि कलाबाईच्या मते एकदम मापात.

राहिली चार बोटं. घरी दाराशेजारी, राहायला आले त्या दिवशी उषाबाईने उमटवलेले हळदीचे पंजे होते. सुकलाल भिंतीला टेप लावून बसला.

“भाऊ, तुनं डोकं फिरनं का?” मालतीबाई म्हणाली.

“माप घेतोय.”

“भिंतीचं?”

“काठाचं.”

टेपवरच्या बारीक रेघा त्याने एकेक करून मोजल्या. पासष्ट मिलिमीटर भरलं. फादरांच्या मोबाईलवर पंचाहत्तर होतं. सुकलालने पासष्टचा काठ केला.

फादर सुकलालच्या कारखान्यात बघायला आले. टेप लावला, परत लावला. “सुकलालभाई, एक सेंटिमीटर कमी आहे.”

“बरोबर आहे, फादर.”

फादरांनी कारखान्याच्या भिंतीकडे बघितलं. तिथे ओळीने बाही, पाठ, पुढचा भाग लावलेला होता, पेन्सिलीच्या अक्षरासकट. त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकला.

रविवारी त्या कुंडावर एका मुलीचा बाप्तिस्मा झाला. सुकलाल शेवटच्या बाकावर बसला होता. पोरगी कोकलली, पण पाणी काठाबाहेर गेलं नाही.

झाकणाचं माप फादरांनी दोनदा पाठवलंय. दगडही आणून ठेवलाय. झाकण अजून केलेलं नाही.