गर्दीत धरलेली करंगळी

केडगावच्या पंकजाला नगरच्या कला महोत्सवात एकच फोटो हवा होता. पाचच्या आत दिला आणि पसंत पडला, तर तो चौकातल्या भिंतीवर लागणार होता, आणि त्यासाठी तिनं तीन महिने घरच्यांचं डोकं खाल्लं होतं. चार वाजून गेले तरी कॅमेऱ्यात नुसता मोकळा रस्ता!

ह्याला कारण बिभीषण. महोत्सवाचा स्वयंसेवक, तोंडात कायम शिट्टी. माणूस सोन्यासारखा, पण चांगुलपणानं जीव नकोसा करणारा. पंकजाची व्हीलचेअर वळली की हा पुढं धावून शिट्टी फुंकायचा, आणि लोक मंत्र्याची गाडी आल्यासारखे बाजूला व्हायचे. वर तिच्याकडं बघून केविलवाणं हसायचे. आता असल्या हसण्याचे फोटो काढून करायचं काय, कपाळ?

शेवटी तिनं त्याला जवळ बोलावलं. "दादा, तुम्ही रस्ता करता आणि माझी माणसं निघून जातात. मला गर्दीत सोडा."

बिभीषणाचं तोंड एवढंसं झालं. पण शिट्टी खिशात घालून तो गुमान लांब जाऊन उभा राहिला.

मग आली गर्दी. पिशव्या, कोपरं, कडेवरच्या कुठल्याशा बाळाचा पाय थेट तिच्या कानाशी. पंकजाला काय बरं वाटलं म्हणून सांगू! सगळे माना उंचावून ढोलपथक बघत होते, आणि तिच्या डोळ्यांसमोर आले दोन हात. म्हातारा पुढं, म्हातारी मागं, आणि त्यानं हात पाठीमागं नेऊन तिची करंगळी घट्ट धरलेली. पंकजानं बटण दाबलं.

विचारल्याशिवाय कुणाचा फोटो लावायचा नाही, हा तिचा नेम. तिनं दोघांना हाक मारून फोटो दाखवला. ते पारनेरकडचे कोंडीराम आणि चांगुणाबाई. कोंडीराम असे लाजले की हात सोडवून उगाच खिसे चाचपायला लागले. गावात ते बायकोच्या दहा पावलं पुढं चालणारे. लोक हसतील, पुसून टाक म्हणाले. पाचला दहा कमी होते. तरी पंकजानं बोट पुसायच्या बटणावर नेलं.

चांगुणाबाईंनी तिचं मनगट धरलं. फोटो पुन्हा निरखला, पदरानं डोळे टिपले.

"पुसू नगं, पोरी. पन्नास वर्सं गर्दी दिसली की हे माझं बोट धरत्यात. मला ठावं हुतं, पर डोळ्यांनी आजच बघितलं. लाव भिंतीला. हसू दे लोकान्ला."