पुढच्या सीटखालचं शिसं

मापसाहेबांची सगळी नोकरी वजनमाप खात्यात गेली. ते बाजारात नुसते दिसले तरी काटे घाबरून खरं बोलायला लागत, अशी त्यांची ख्याती. ती त्यांनी स्वतःच पसरवली होती, पण म्हणून काही खोटी नव्हती.

तरुणपणापासून त्यांना नाद एकच, ग्लायडरचा. त्यांचा ग्लायडर दोघांचा होता आणि त्याच्या पाठीत घडी घालून ठेवलेलं एक छोटं इंजिन होतं. इतर ग्लायडरांना दुसरं विमान दोरीने ओढून वर नेतं, हा मात्र स्वतःच्या हिमतीवर उठायचा. अलीकडे चढायचा तो जिना चढणाऱ्या सासरेबुवांसारखा. पोचायचा, पण वाटेत सगळ्यांना काळजी लावून.

बायको आजवर एकदाही त्यात बसली नव्हती. "दोरीला बांधून न्यायला मी काय शेळी आहे? आपल्या इंजिनाने नेणार असाल तर बघू," असं ती वर्षानुवर्षं म्हणत आली होती. आज सकाळी कुणाच्या ध्यानीमनी नसताना ती नवे बूट घालून दारात उभी राहिली. "चला. आजच काय ते. धीर काही दुधासारखा रोज दारात येत नाही."

मैदानावर घोडं अडलं ते उस्तादापाशी. उस्ताद म्हणजे तिथला प्रशिक्षक, अंगाने बायकोइतकाच काटकुळा. त्याचा नियम असा की, दोघांना आपल्या इंजिनावर उडायचं असेल तर आधी तो मागे बसून चढ बघणार. टोकाची झाडं ऐसपैस ओलांडली तरच परवानगी.

झाडं ओलांडली गेली. ऐसपैस नाही. एक कावळा फांदीवरून बाजूला सरकला, तो मापसाहेबांच्या मते शिष्टाचार म्हणून.

"नाही जमायचं, मापसाहेब," उतरल्यावर उस्ताद म्हणाला. "वहिनींना दोरीने न्या."

"दोरीने मी जाणार नाही," खुर्चीवर लोकर विणत बसलेली बायको म्हणाली.

"पंखा झिजलाय," मापसाहेब म्हणाले.

"नवा आहे."

"गवत वाढलंय. चाक ओढतं."

"कालच कापलं."

"ऊन! उन्हात हवा पातळ होते, इंजिनाचा दम जातो."

"होते थोडी. पण तुमचा ग्लायडर काही वर्षांपूर्वी याच उन्हात टुणकन चढायचा."

वजन कमी करायला मापसाहेबांनी मग मागची उशी काढली, पाण्याची बाटली काढली, नकाशा काढला. शेवटी खिशातला कंगवाही गवतावर ठेवला. डोक्यावर त्याचं तसं कामही उरलं नव्हतं.

"पुढच्या सीटखाली हे काय हो?" विणकाम ठेवून आत डोकावत बायकोने विचारलं.

"हात लावू नकोस! शिशाच्या प्लेटा आहेत. पायलट हलका असला की ग्लायडरचं नाक वर उठतं, म्हणून पुढे वजन ठेवतात."

"आणि हलका पायलट कोण?"

उस्तादाने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

प्लेटा बसवल्या तेव्हा मापसाहेब खरोखरच काडीसारखे होते. नंतर दरसाल वजन लिहायची वेळ आली की ते जुनाच आकडा सांगत. खात्याच्या माणसाला काट्यावर उभं करायची कुणाची छाती झाली नव्हती.

"काढू प्लेटा?" उस्ताद हळूच म्हणाला. "फक्त काट्यावर उभं राहावं लागेल. आकडा पाहिल्याशिवाय मी काढू देणार नाही."

विमानं ठेवायच्या हँगरमधला काटा जुना होता. मापसाहेबांनी वाकून, चष्मा पुसून त्याची तपासणी केली. "याची मुदत संपलीय. असल्या काट्यावर मी विश्वास ठेवत नाही."

"शिक्का कुणाचा आहे?" बायकोने विचारलं.

शिक्का त्यांचाच होता. तरीही त्यांनी शिशाची प्लेट ठेवून पाहिली. काट्याने प्लेटेवर कोरलेलंच वजन दाखवलं. निर्लज्जपणे.

मापसाहेबांनी बायकोच्या नव्या बुटांकडे पाहिलं. बूट घराकडे वळण्याच्या बेतात दिसत होते. त्यांनी पोट आत घेतलं, त्याने वजनात फरक पडत नाही हे त्यांना नोकरीपासून ठाऊक होतं, आणि ते काट्यावर चढले.

उस्तादाने आकडा मोठ्याने वाचला. आपण इथे वाचायचं कारण नाही.

"अगं, तुला सांगायचं राहूनच..."

"मला काय सांगता? दरवर्षी विजारीची कंबर मीच उसवतेय."

प्लेटा निघाल्या. उस्ताद पुन्हा मागे बसला, पुन्हा चढ झाला, आणि या वेळी कावळ्याने मान वर करून पाहिलं. मग उस्ताद उतरला आणि बायको चढली. झाडं खाली गेली, हँगर काडेपेटीएवढं झालं, आणि मापसाहेबांनी इंजिन थांबवून पाठीत घडी करून ठेवलं.

"अहो, बंद पडलं!"

"बंद केलं. आता वारा नेतो."

मापसाहेबांना वाटलं, ती घाबरली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ते शिसं फेकून नका देऊ हं."

"का?"

"पुढे बसून शिकायचं तर मला लागेल ना. मी खरोखरच हलकी आहे."