हवालदार हणमंतचं नखरेल पोट

देवाशप्पथ, गळ्याला हात लावून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर जिभेला फोड येईल, आणि तोही ताजं लोणचं वाढलेल्या दिवशी. प्रेम नगरात कुणालाही विचारा. जे तेव्हा तिथं नव्हते त्यांना विचारलंत तरी ते हेच सांगतील.

हवालदार हणमंत म्हणजे साताऱ्याकडचा, माणदेशातला गडी. पलटण झाशीच्या छावणीत, बिऱ्हाड प्रेम नगरात. छाती एवढी रुंद की दारातून आत यायला तिरकं व्हावं लागे. पण पोट? पोटाला रुसायला कारणच लागत नसे. सकाळी मैदानावर धावून आला की थोड्या वेळात आत पीळ पडायचा. बेंबीभोवती कुणी सुतळी आवळतंय असं वाटायचं. मग पोट फुगायचं, मग संडासाकडे धाव. ही दुसरी धाव मैदानावरच्या धावेपेक्षा फार वेगाची! आणि गुरगुरायचं तर असं, की एकदा तो गरौठा गावच्या बसमध्ये बसला असताना कंडक्टर ड्रायव्हरवर ओरडला, "काए भैया, गाड़ी काए चालू कर दई? सवारी तो चढ़न देओ!"

तुम्ही हसाल. हणमंतला हसू येत नव्हतं. पुढच्या महिन्यात धावण्याची टेस्ट होती. पास झाला तर नायब सुभेदार. नापास झाला तर नोकरीची वर्षं भरत आलेली, ट्रंक भरून सरळ गावाला. मागच्या खेपेला तो अर्ध्यातच पोट धरून खाली बसला होता. आता आणखी एक संधी, आणि तीच शेवटची. शिवाय या सगळ्याच्या तळाशी एक भीती होती. त्याचे वडील पोटाच्याच दुखण्यानं गेले होते. हे तो बायकोशी, पुष्पाशीसुद्धा बोलला नव्हता. पुष्पाला अर्थातच ठाऊक होतं.

मुलाची तब्येत ऐकून गावाहून आई आली, हौसाबाई. बरोबर हुलग्यांचं पोतं. "घोडी कशावर पळत्यात? हुलग्यावर. माजा ल्योक काय घोड्यापरीस कमी हाय व्हय?" हुलगे भाजायचे, दळायचे, लसूण घालून शिजवायचे, की झालं माडगं. हणमंत धावून आला की बूट काढायच्या आत लोटाभर माडगं समोर यायचं. ते संपलं की वर म्हशीचं दूध.

"आई, आज जरा कमी..."

"पी गुमान. तोंड बघ कसं वाळलंय."

तो प्यायचा. सीमेवर गोळीला न घाबरलेला माणूस, पण आईच्या लोट्याला नाही म्हणायची छाती नव्हती. दुखणं वाढलं. दुखणं वाढलं म्हणून पोर वाळलं, पोर वाळलं म्हणून लोटा मोठा झाला. शेवटी शेवटी तर तो लोटा उचलायला दोन माणसं लागत.

मग एक दिवस पुष्पानं डोळे वटारले. "अहो, आता डॉक्टर. आजच."

पलटणीच्या दवाखान्यात जायला तो घाबरत होता. कागदावर काही चढलं तर बढती गेलीच. म्हणून शहरातल्या डॉक्टर खरे यांच्याकडे जायचं ठरलं. नाव ऐकताच हौसाबाईंनी लुगडं बदललं.

"खरे? म्हंजी आपल्याकडचंच की! मी येती. प्वाराच्या पोटाचं आईबिगर कुणाला सांगता येतंय?"

झाशीत नवीन आलेल्या मराठी माणसाचं हे हटकून होतं. 'खरे' अशी पाटी दिसली की तो मराठीत सुरू होतो. पण हे खरे होते झाशीजवळच्या समथरकडचे हिंदी बोलणारे कायस्थ. मराठीशी त्यांचा संबंध एवढाच, की शेजारणीचं श्रीखंड एकदा खाल्लं होतं.

हौसाबाई खुर्चीत बसल्या आणि हणमंतच्या बारशापासून त्यांनी सुरुवात केली. डॉक्टर बिचारे मान डोलावत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "माताजी बहुत अच्छा बोलती हैं. हवालदार साहब, कह क्या रही हैं?"

हौसाबाई थिजल्याच. "आगं बया! पाटी लावायची नि बोलायचं न्हाई?"

आता हणमंतला दुभाषा व्हावं लागलं.

"त्यास्नी सांग, रोज लोटाभर माडगं देती, तरी प्वार वाळतंय."

हणमंत म्हणाला, "कह रही हैं, खाने-पीने में कोई कमी नहीं है."

"दुधाचं बी सांग. वर तुपाची धार असती म्हणावं."

"कह रही हैं, घर का सादा खाना है."

पुष्पाला राहवलं नाही. "झूठ बोल रहे हैं, डॉक्टर साहब! दौड़ के आते ही लोटा भर कुलथी पीते हैं. ऊपर से भैंस का दूध, घी डाल के. माँजी का दिल न दुखे इसलिए!"

हौसाबाईंना हिंदी येत नव्हती. पण कुलथी, दूध, घी आणि माँजी एवढं एका दमात ऐकल्यावर समजायला किती वेळ लागतो? त्यांनी पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांनी नीट विचारपूस केली. वजन उतरलंय का? शौचात रक्त पडतं का? दुखून झोपेतून जाग येते का? सगळ्याला नाही. पोट दाबून पाहिलं. तेव्हा कुठे हणमंतनं खाली बघत वडिलांचं सांगितलं. डॉक्टरांनी लगेच सगळ्या तपासण्या लिहून दिल्या. त्यांचे निकाल येईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

निकाल हातात घेऊन डॉक्टर हसले. "आँत एकदम साबुत है, साहब. बस, नखरे वाली है. इसको आयबीएस कहते हैं. तकलीफ़ सच्ची है, ख़तरा नहीं है."

हणमंतला वाटलं, वर्षभर पाठीवर वाहिलेला पिट्ठू कुणीतरी मागून अलगद उतरवून घेतला. पुष्पानं विचारलं, "तो दौड़ना बंद?"

"बंद क्यों? चलना-दौड़ना तो अच्छा है. धीरे-धीरे बढ़ाइए."

मग सगळं समजावलं. भरल्या पोटी धावायचं नाही, अगदी उपाशीही नाही. बराच वेळ आधी एखादं केळं किंवा थोडा भात. धावून झाल्यावर धपकन बसायचं नाही, सावकाश चालत राहायचं. पाणी घोटाघोटानं. दूध आणि हुलगे बंद. तरी दुखलंच तर गुडघे पोटाशी घेऊन पडायचं, पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची, श्वास पोटापर्यंत खोल घ्यायचा. "और डरिए मत. जितना डरेंगे, उतनी मरोड़ उठेगी. हाँ, ख़ून दिखे या वज़न गिरे, तो सीधे मेरे पास."

परत येताना टेम्पोत हौसाबाई हळूच म्हणाल्या, "म्हंजी मीच माज्या लेकराला..."

"आई, तुझं माडगं घोड्याचं गं. गाढव मी, बोललोच नाही."

"गाढव तर हायसच! त्वांड दिलंय देवानं. ते काय निस्तं गिळाय?" असं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग दोघंही हसायला लागली. टेम्पोवाल्यालाही हसू आलं, कशाचं ते त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून हणमंतसाठी भाताची पेज शिजायला लागली. हुलग्यांचं पोतं हौसाबाईंनी एकटीनं संपवलं. अंगात एवढी ताकद आली की कोथिंबिरीची जुडी कमी दिली म्हणून त्या भाजीवाल्याच्या सायकलीमागे पळाल्या आणि त्याला गाठून सायकलीच्या पुढे गेल्या.

टेस्टचा दिवस आला. शेवटच्या फेरीत ती ओळखीची सुतळी आवळायला लागली. मागच्या वेळी ती आवळताच हणमंत घाबरला होता, की आपलंही वडिलांसारखंच होणार. या वेळी त्यानं श्वास पोटात ओढला, पाय थोडे सैल सोडले आणि मनात म्हणाला, आलीस का? ये, चल बरोबर, पण मी थांबत नाही. आणि तो असा सुटला की कोवळी पोरं मागं पडली! हणमंत सगळ्यांत पहिला! टेस्ट घेणाऱ्या सुभेदार साहेबांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली.

त्यानंतर दुखलं, नाही असं नाही. पण तो बसला नाही. कडुनिंबाखाली हळूहळू चालला, घोट घोट पाणी प्यायला, घरी येऊन गुडघे पोटाशी घेऊन आडवा झाला. पुष्पानं गरम पिशवी दिली. हौसाबाई उशाशी बसल्या आणि खाण्यापिण्याचा एक शब्द बोलल्या नाहीत. खरी टेस्ट त्यांचीच होती. हळूहळू पीळ सुटत गेला.

"झालास न्हवं पास?" त्यांनी विचारलं.

"झालो."

"मग नीज आता."

आणि तो लहान पोरासारखा झोपला.

बरं, असं डोळे बारीक करून बघू नका. पहिला आला, तेवढंच पदरचं घातलंय. आला शेवटून दुसरा, आणि त्याच्या मागचा बुटाची नाडी बांधायला थांबला होता. पण पास झाला, नायब सुभेदारही झाला. बाकीचं सगळं खरं आहे. लोट्यासकट.