राखाडी पोटाचं जेट

मित्रांनो, मी एक जुनं जेट विमान आहे. लगेच दप्तरं टाकून माझ्यात बसायला धावू नका. माझ्या खुर्चीत अंगठ्याएवढा प्लास्टिकचा वैमानिक बसतो आणि त्यालाही पाय नाहीत. लांबीला मी दाराएवढा. पण माझ्या पोटात खरंखुरं जेट इंजिन आहे, रॉकेलवर चालणारं. ते सुरू झालं की शेजारी उभ्या माणसाला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. माझे मालक चष्म्याचे दुकानदार. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे आणि घरी आले की माझे पंख घासत बसायचे. त्यांची थोरली बहीण, म्हणजे ताई, त्याच घरात राहायची. टेलिफोन ऑपरेटर म्हणून ती निवृत्त झाली होती. टेबल माझ्या ताब्यात गेल्यामुळे बहीणभाऊ मांडीवर ताट घेऊन जेवायचे. "हे उडालं नाही ना, तर याच्या पंखांवर कपडे वाळत घालीन बघ," असं ताई येताजाता ऐकवायची. पण पंख चिकटवताना तो धरून ठेवायला तीच असायची.

रंगाच्या वेळी मात्र मालक हट्टाला पेटले. गावाबाहेरच्या मैदानावर अशी विमानं उडवणारे सगळे सांगत होते, पोटाला भडक नारिंगी रंग द्या, वर गेल्यावर पोट कुठलं आणि पाठ कुठली ते ओळखता आलं पाहिजे. मालक म्हणाले, "खऱ्या लढाऊ विमानाचं पोट कधी नारिंगी असतं का हो?" आणि त्यांनी मला नखशिखांत राखाडी करून टाकलं. शत्रूला दिसू नये म्हणून शोधलेला रंग धन्यालाही दिसणार नाही, ही साधी गोष्ट एवढ्या शहाण्या माणसाच्या डोक्यात आली नाही.

दर शनिवार-रविवारी आम्ही मैदानावर जमायचो. गाड्यांमधून जुन्या रजयांत गुंडाळलेले पंख बाहेर निघायचे. लाल, पिवळी, निळी जेट विमानं ओळीनं मांडली जायची. तिथला एक रिवाज होता. जमिनीवर उभं राहून रेडिओच्या पेटीनं उडवणाऱ्यानं आपल्या विमानावरची नजर हलवायची नाही, म्हणून त्याच्या खांद्यामागे एक सोबती उभा राहायचा. बाकीची विमानं कुठे आहेत, वारा कुठून आहे, हे तो सांगायचा. मालकांची सोबती ताई.

मी पहिल्यांदा धावपट्टीवरून सुटलो तेव्हा मला वाटलं, आता आपलं पितळ उघडं पडणार. शेवटी मी स्वयंपाकघरातलं खेळणंच. पण चाकांखालची खडखड एकदम थांबली आणि जमीन मला सोडून खाली गेली. झाडं, गाड्या, माणसं, सगळं हाताच्या तळव्यात मावेल एवढं झालं. अजून ते आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. खाली उतरल्यावर लोकांनी माझं फार कौतुक केलं.

अशी काही वर्षं मजेत गेली. मग एका रविवारी आभाळ भरून आलं. मालकांनी मला उंच चढवलं, गोल फिरवलं आणि मी ढगांच्या रंगात विरघळून गेलो.

"ताई, दिसत नाहीये गं," मालक म्हणाले. मी येतोय की जातोय तेच कळेना. चुकीच्या बाजूला वळवलं तर मी थेट माणसांवर गेलो असतो.

मैदानाचे प्रमुख धावत आले. "इंजिन बंद करा. मोकळ्या रानावर आहे तोवर पडू द्या त्याला."

ते बरोबरच सांगत होते. मालकांचा अंगठा पेटीवरच्या बटणाकडे गेला.

"थांब!" ताई ओरडली. "मला ऐकू येतंय ते. पण आधी हा गोंगाट बंद करा सगळा!"

मागे चारपाच जेट विमानं सुरू होऊन किंचाळत होती. प्रमुखांनी क्षणभर ताईकडे पाहिलं आणि हात वर केला. मित्रांनो, एकेकानं आपलं इंजिन बंद केलं. कुणी का म्हणून विचारलं नाही. धावपट्टीवर सुटायच्या बेतात असलेलं लाल जेटसुद्धा गप्प झालं. आता आभाळात फक्त माझाच आवाज उरला.

मला समोरून ऐकलं तर बारीक शीळ येते आणि मागून ऐकलं तर गडगडाट. ताईनं डोळे मिटले.

"पाठ आहे आपल्याकडे. डावीकडे वळव. हळू रे."

"नक्की ना?"

"अरे, फोनवर कोण तोंड फिरवून बोलतंय तेसुद्धा कळायचं मला! वळव. अजून थोडं. हां, शीळ आली. आता सरळ ठेव, खाली आण."

झाडांच्या गर्द हिरव्या रांगेसमोर मी ढगाखाली आलो. "दिसलं!" मालक ओरडले. चाकं टेकली तेव्हा माझ्या टाकीत घोटभर रॉकेल उरलं होतं. मालक तिथेच गवतावर बसले आणि ताईचा हात धरून लहान मुलासारखे रडले. "पुरे, लोक बघतायत," ताई म्हणाली, पण तिनं हात सोडवून घेतला नाही.

आता माझं इंजिन थकलंय. दुकानाच्या छताला मी टांगलेला असतो आणि महिनोन् महिने कुणी धूळ झटकत नाही. आम्हा जुन्या यंत्रांना अधूनमधून फडक्यानं पुसा, एवढं तर मी सांगणारच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्यातलं कुणी वाट चुकलं, दिसेनासं झालं, तर थोडा वेळ आपापली इंजिनं बंद करा. मी ढगात एकटा घाबरून ओरडत होतो, आणि खाली सगळं मैदान, आपली सुंदर विमानं गप्प करून, माझं ऐकत उभं होतं.