अर्थिंगची पट्टी

"चावी नीट फिरवा, बाई. पूर्ण फिरवा," गॅरेजचा सुपरवायझर गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणाला.

तिनं चावी पूर्णच फिरवली होती. सोळा वर्षं ती हीच गाडी चालवत होती. पुढून नुसता 'कट्' असा आवाज आला, समोरचे दिवे मिणमिणले आणि गाडी गप्प झाली. सुपरवायझरनं तिला उतरायला लावलं, स्वतः बसून सेल मारला. पुन्हा तोच 'कट्'. मग त्यानं दुसरी बॅटरी आणायला सांगितली.

इंजिनचं काम आठ दिवसांत होईल, असं त्यानं सांगितलं होतं. आज चोविसावा दिवस होता. रोज फोन केला की 'उद्या'. सकाळी त्याचाच फोन आला, गाडी तयार आहे, घेऊन जा. काल संध्याकाळी चक्कर मारून बघितली, लोण्यासारखी चालते, असंही तो म्हणाला होता.

ती डायलिसिसच्या पेशंटांना दवाखान्यात नेत-आणत असे, आठवड्यातून तीनदा. चार पेशंट होते आणि चौघंही तिला व्हॅनताई म्हणत. गाडी कामाला गेल्यावर एकाला त्याचा मुलगा मोटरसायकलवरून नेऊ लागला. दोघी जावा मिळून रिक्षा करत होत्या. राहिले ड्रॉइंग मास्तर. ते आणि त्यांची बायको दोन बस बदलून जात. गेल्या आठवड्यात बसची पायरीच त्यांना चढवेना, आणि लागोपाठ दोन खेपा चुकल्या. आज त्यांची एक वाजताची वेळ होती. मी साडेअकराला येते, असं तिनं सकाळीच त्यांच्या बायकोला कळवलं होतं.

नऊ वाजता बॅटरी बदलून झाली. फरक नाही. मग दुसरी लावली. साडेनऊला स्टार्टर काढून टेबलावर तपासला, तो गरगर फिरला. परत गाडीला जोडला, तर पुन्हा 'कट्'. हे सगळं ती पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभी राहून बघत होती. रेघेपलीकडे गिऱ्हाइकांना मनाई होती.

दहा वाजता सुपरवायझर एक फॉर्म घेऊन आला. इंजिन आतून जाम झालंय, तो म्हणाला. तुम्ही हलकं तेल वापरता, त्याचा परिणाम. परत उतरवावं लागेल. इथे सही करा.

"किती दिवस?"

"आठ-दहा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं फॉर्म वाचला. वाहनधारकाच्या निष्काळजीपणामुळे, असं त्यात आधीच लिहून ठेवलं होतं.

"इंजिन तुम्ही उघडलं, तुम्हीच बांधलं, तेलही तुम्हीच भरलं," ती म्हणाली. "तेवीस दिवस गाडी तुमच्या दारात आहे. मी निष्काळजीपणा केला कधी? झोपेत?"

तो हसला. बाई, हे टेक्निकल असतं, तुम्हाला नाही कळायचं, असं म्हणून त्यानं पेन पुढे केलं.

तिनं पेन घेतलं नाही. ती पिवळी रेघ ओलांडून सरळ बोनेटपाशी गेली. मागून कोणीतरी "ओ मॅडम" म्हणालं, पण तिनं वळून पाहिलं नाही. तिथे एक वयस्क मिस्त्री हात पुसत उभे होते. तिनं त्यांना सांगितलं, पाना लावून इंजिनची पुढची पुली फिरवून बघा. मिस्त्रींनी सुपरवायझरकडे पाहिलं, मग पाना लावला. पुली जड, पण व्यवस्थित फिरली.

"जाम इंजिन असं फिरतं?" तिनं विचारलं. मिस्त्रींनी मान हलवली. नाही.

तिचे वडील पाण्याच्या पंपांचे वायरमन होते. त्यांच्या हाताखाली पकड देत-घेत ती वाढली. वडील सांगत, करंट निघाला की त्याला घरी परतावंच लागतं. हमरस्ता बंद केलास तर तो गल्लीबोळातून घुसेल, आणि मग ती गल्ली तापेल.

तिनं मिस्त्रींना सेल मारायला सांगितलं. एकदा, दोनदा, तीनदा. आणि ती एकेका जोडणीवरून हात फिरवत गेली. बॅटरीची टोकं गार. स्टार्टरची जाड वायर गार. ऍक्सिलरेटरच्या बारीक केबलला बोट लागलं आणि तिनं चटकन मागे घेतलं. केबल चांगलीच तापली होती. जिचं काम फक्त पेडल ओढायचं, तिच्यातून सगळा करंट परत जात होता.

"जंपरची वायर द्या," ती म्हणाली.

एक टोक तिनं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. मिस्त्रींनी चावी फिरवली. इंजिन एकदा कण्हलं, दुसऱ्यांदा खोकलं, आणि सुरू झालं.

इंजिन रबराच्या पायांवर बसतं. लोखंडाला लोखंड लागत नाही, म्हणून एक जाड विणलेली पट्टी इंजिन आणि बॉडीला जोडलेली असते. अर्थिंगची पट्टी. इंजिन चढवताना ती लावायचीच राहिली होती. मिस्त्रींनी टेबलाखालच्या ट्रेमधून ती काढून आणली. दोन्ही बोल्ट तिच्यातच अडकवलेले होते. म्हणजे इंजिन बसल्यापासून गाडी एकदाही सुरू झाली नव्हती. धुऊन, ढकलत बाहेर आणून ठेवली होती, आणि चक्कर मारल्याचं खुशाल सांगितलं होतं.

पट्टी बसवायला दहा मिनिटं लागली. सुपरवायझरनं जॉब कार्डवर लिहिलं, 'किरकोळ जोडणी करून दिली.' ती म्हणाली, खरं काय ते लिहा.

"झाली ना चालू? आता कशाला ताणता?"

"तुम्हाला दोन बोल्टचं काम आहे," ती म्हणाली. "तिकडे एका माणसाच्या दोन खेपा चुकल्यात. त्याच्या अंगात पाणी भरतंय. मी सही केली असती तर अजून दहा दिवस गेले असते, आणि चूक माझी ठरली असती. लिहा."

तो लिहीना. बाकीचे मेकॅनिक आपापल्या गाड्यांत डोकी घालून राहिले. शेवटी मिस्त्रींनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि तेलकट बोटांनी, एकेक अक्षर गिरवत लिहिलं, 'इंजिन बसवताना अर्थिंगची पट्टी जोडली नाही. आमची चूक.' खाली स्वतःची सही केली. याचं त्यांना काय भोगावं लागेल, हे तिला कळत होतं. त्यांनाही कळत असणार. तिनं त्यांना हात जोडले आणि कागद घेऊन निघाली.

मास्तरांच्या घरी पोचायला तिला पावणेबारा झाले. ते फाटकाशी खुर्चीवर बसले होते. चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. वाक्य पुरं करायला दोनदा श्वास घ्यावा लागत होता. गाडीची पायरी चढताना तिनं हात पुढे केला, तर ते म्हणाले, "थांब. जमेल मला." पाच मिनिटं लागली, पण जमवलं त्यांनी. वाटेत ती सारखी आरशात बघत होती. बायकोनं त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं होतं.

दवाखान्यात नर्स त्यांना बघून संतापली. दोन खेपा चुकवतात का? जीव नकोसा झालाय का? कोणी आणायला नव्हतं का तुम्हाला? तिची नजर मास्तरांवरून व्हॅनताईकडे वळली.

व्हॅनताईनं तोंड उघडलं. सकाळपासूनचं सगळं ओठांवर आलं होतं.

"माझाच आळस," मास्तर मध्येच म्हणाले. थांबून त्यांनी श्वास घेतला. "ही रोज फोन करायची. मीच नको म्हटलं."

नर्सनं कपाळाला हात लावला. आधी वजन करा, म्हणाली, डॉक्टरांना बोलावते. बायकोनं मास्तरांना वजनकाट्यापाशी नेलं. त्यांना काठीशिवाय उभं राहायचं होतं, नाहीतर वजन चुकलं असतं. त्यांनी काठी व्हॅनताईच्या हातात दिली. तिनं ती दोन्ही हातांनी धरली. काटा नेहमीच्या आकड्यावरून पुढे सरकला, सात किलो पुढे जाऊन हलत राहिला, आणि तो थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.