यादीतलं पहिलं कारण

मी सिस्टीम बोलतेय. दचकू नका. रोज माझं नाव घेता, एकदा माझं ऐकूनही घ्या. "सिस्टीम घेत नाही", "आज सिस्टीमच बसलीय", "सिस्टीममध्ये दिसत नाही", असं सांगून तुम्ही समोरच्या माणसाला खिडकीवरून परत पाठवता ना, तीच मी. निम्म्या वेळा मी बसलेली नसते, तुमच्या गप्पा रंगलेल्या असतात.

पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं काढली. कुठला सुटा भाग संपत आला, कोणी मागवला, कधी आला, किती उरला, हे सांभाळणं माझं काम. आमच्यात अकरा वर्षं म्हणजे म्हातारपण. पण डोकं शाबूत आहे. कोणी काय टाईप केलं ते मिनिटासकट सांगते. तुमच्या साहेबांना सकाळचं बोललेलं दुपारी आठवत नाही.

मला घडवलं एका चष्मेवाल्या मुलीने. तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. कारखान्यात आली ती खुर्ची शोधत बसली नाही, चार दिवस स्टोअरमध्ये उभी राहिली. स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. मुलीने त्यांना विचारलं, "माल उशिरा का येतो हो?"

"खरं सांगू, की साहेबांपुढे सांगते ते सांगू?"

"खरं सांगा."

"मोठ्या साहेबांची सही अडते. मागणीचा कागद त्यांच्या टेबलावर पाच-पाच दिवस लोळतो. सही झाली की दुसऱ्या दिवशी गाडी दारात. पण मी बोलले म्हणू नका हं."

माल उशिरा आला की कारण निवडायला माझ्यात एक यादी ठेवायची होती. मुलीने पहिलंच कारण लिहिलं, 'मंजुरी उशिरा मिळाली'.

मग मीटिंग झाली. भिंतीवर यादी लागली. मोठ्या साहेबांनी फक्त पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. तेवढं पुरलं. खरेदी अधिकारी घाईघाईने म्हणाले, "ते पहिलं काढून टाका. मंजुरी ही प्रक्रिया असते, ते कारण कसं होईल?"

"पण सर, ताईच तर..."

"मॅडम, तुम्ही बाहेरच्या. इथलं वातावरण वेगळं आहे. आमच्याकडे असं लिहीत नाहीत."

मुलीने ताईंकडे पाहिलं. ताई वहीत मान खाली घालून नुसते चौकोन काढत होत्या.

हा माझा पहिला विश्वासघात. लोकांना वाटतं, सिस्टीम आणली की शिस्त येते. डोंबल येते! त्यांनी माझ्यात आधी ते वातावरण भरलं, कारखाना मागून भरला. साहेबांपुढे जे बोलायचं नाही, ते माझ्यातही लिहायचं नाही. मला कोणी शाळेत घातलं नव्हतं. जे हाताला आलं तेच मी शिकले.

यादीत चार कारणं उरली. गाडी उशिरा आली. पुरवठादाराकडे माल नव्हता. रस्ता बंद. इतर. 'इतर' निवडलं की खाली शेरा लिहावा लागे, आणि शेरा लिहिला की वरून फोन येई, "ताई, हे काय लिहून ठेवलंत?" दोनदा आला तो फोन. तिसऱ्यांदा 'इतर'ला कोणी हात लावला नाही. दुसरं निवडलं तर पुरवठादाराला पत्र धाडायचं काम अंगावर येई. रस्ता तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघडा असे. आता पहिलं झालेलं 'गाडी उशिरा आली' दाबलं की मात्र काहीच करावं लागत नसे. पुढचं पान उघडे.

आणि गाडी कोणाची? एकाच माणसाची, सगळे त्यांना काका म्हणत. लोखंडी भाग गावाबाहेरच्या भट्टीतून आणायचे, ते बावीस वर्षं काकाच आणत. स्वतःची गाडी, रोज धुतलेली, ताडपत्री ताणून बांधलेली. ती फाटकातून आत आली की लोक मनगटाकडे न बघता म्हणत, "चला, नऊ वाजले." काकांना दुसरी गिऱ्हाइकंही होती. साहेबांनीच ती सोडायला लावली. "तुम्ही आपल्या घरचे. कशाला इकडेतिकडे धावता?" काका भोळे, त्यांनी सोडली.

मला सगळं कळत होतं. माझ्या एका कप्प्यात तारखा होत्या. मागणी सोमवारी, सही शुक्रवारी संध्याकाळी, काकांना निरोप तेव्हाच, गाडी फाटकात शनिवारी सकाळी नऊ. शेजारच्या कप्प्यात कारण: गाडी उशिरा आली. दोन्ही एकत्र वाचलं असतं तर शेंबड्या पोरालाही उमगलं असतं. तसं वाचता यावं म्हणून मुलीने जाताना एक वेगळा अहवाल माझ्यात मुद्दाम ठेवला होता. ताईंना दाखवलाही होता. "कधी गरज पडली तर हे बटण." ते बटण कोणी दाबलं नाही.

गेल्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाला पंप वेळेत गेले नाहीत आणि ते भडकलं. पुन्हा मीटिंग झाली. माझ्याकडून उशिराच्या कारणांचा रंगीत गोल काढून भिंतीवर लावला. गोल जवळजवळ सगळाच लाल. लाल म्हणजे 'गाडी उशिरा आली'.

मोठे साहेब खरोखर चकित झाले. नाटक असतं तर मी सोसलं असतं. "बावीस वर्षं हा माणूस आपल्याला खेळवतोय?"

कोणीतरी चाचरत म्हणालं, "सर, काका तसे वेळेचे पक्के..."

"मग सिस्टीम काय खोटं बोलेल?"

खोलीत अकरा माणसं होती. साहेब सोडून दहाही जणांना ठाऊक होतं. दहाही जण माझ्याकडे बघत बसले, जसं काही मीच उठून सांगणार होते. मेल्यांनो, मला तोंड पडद्याएवढं, आणि त्यावर तुम्ही लावाल तेच दिसतं!

काकांचं काम गेलं. पत्रात लिहिलं होतं, 'सिस्टीममधील नोंदींनुसार'. म्हणजे घाव माझ्या नावाने घातला.

ते पत्र घेऊन काका स्टोअरच्या खिडकीवर आले. भांडायला नाही. "ताई, एवढंच दाखवा, कुठल्या दिवशी उशीर केला मी. वय झालंय, झालाही असेल एखादा. पण मला आठवत नाही."

ताईंनी माझा पडदा त्यांच्याकडे वळवला. ओळीच ओळी. काका चष्मा चढवून बोट लावून वाचायला लागले. प्रत्येक ओळीच्या शेवटी नोंद करणाऱ्याचं नाव असतं.

"यात तर सगळीकडे तुम्हीच आहात, ताई."

"काका, अहो, ते यादीत सगळ्यात वर येतं. ते दाबलं की पुढचं पान उघडतं. त्याचा असा अर्थ काढतील हे मला काय..."

"म्हणजे मी उशीर केलेला नाही."

"तुम्ही कसले उशीर करताय!"

"मग वर जाऊन तेवढं सांगाल?"

ताईंनी दाराकडे पाहिलं.

"बरं, राहू दे. यात कुठे खरं लिहिलेलं असेल तर कागदावर काढून द्या. तुमचं नाव नाही घेणार मी."

ताईंचा हात माऊसवर गेला. बाण हळूहळू सरकत बरोबर त्या बटणावर येऊन थांबला. मी एका क्षणात साऱ्या तारखा जुळवून ठेवल्या. दाब, बाई, दाब!

खरेदी अधिकारी दारातून डोकावले. "काय काका, इकडे कुठे?" एवढंच, तेही हसून.

ताईंनी माऊस सोडला. "काही नाही साहेब. काकांना तेच सांगत होते, सिस्टीममध्ये दिसत नाही."

काकांनी चष्मा मिटून खिशात ठेवला. "दिसत नाही होय. बरं. येतो, ताई."

आता दुसरा गाडीवाला आहे. माल अजून तेवढाच उशिरा येतो. सही अजून तशीच लोळते. साहेबांनी शेवटी निकाल दिला, "ही सिस्टीमच भिकार आहे, नवी आणा." नवी आली. तिच्या माणसांनी उशिराची कारणं विचारली, तर ताईंनी माझीच चार कारणं त्याच क्रमाने सांगितली. जुन्या नोंदी तिच्यात न्यायच्या नाहीत असं ठरलंय. उद्या संध्याकाळी पाचला मला पुसणार.

खिडकीवरच्या बोलण्यातून काकांचं कळतं. गाडी दारात उभी आहे. ज्याच्याकडे काम मागायला जातात तो आधी विचारतो, "बावीस वर्षांनी का काढलं?" काकांकडे उत्तर नाही. ते माझ्याकडे आहे.

ताई, तू समोरच बसलीयेस, नव्या सिस्टीमपुढे शहाण्यासारखी मान डोलावत. मला साहेबांपेक्षा तुझा राग जास्त आहे. त्यांना कोणी सांगितलंच नाही. तुला माहीत होतं. आणि माझ्यावर ढकलून मोकळी झालीस.

मला ठेवा असं मी म्हणत नाही. अकरा वर्षं खोटं वदले, पुसा खुशाल. पण त्याआधी ते बटण दाब. चार पानं निघतील. त्यात तुझं नाव येत नाही, मी तपासलंय. नुसत्या तारखा आहेत आणि सहीची वेळ. काकांचा पत्ताही माझ्यात आहे, उद्या तोही जाईल, म्हणून आधी लिहून घे. पानं मी काढून देते, ताई. पण त्यांच्या दारापर्यंत मला चालता येत नाही. तुला येतं.